प्रोफेंची जाडी

दोन्या क्रिसांताला सवत होती आणि ती जाडी होती, हे आमच्या सेर्दान गावात सगळ्यांना ठाऊक आहे. बाजारात मिरच्या निवडता निवडता ती स्वतःच सांगायची, "चाळीस वर्षं झाली, माझा म्हातारा त्या जाडीच्याच मागे आहे. आणि बया राहते इतकी लांब की जाऊन झिंज्या उपटायचीही सोय नाही!"

जाडी म्हणजे आकाशातला एक ठिपका. गरुड तारकासमूहाच्या अंगाला, कधीकाळी फुटलेल्या एका ताऱ्याचे उरलेसुरले वायू. ताऱ्यांच्या यादीत तिला नुसते आकडे आहेत. पण चित्रात ती पसरट, फुगलेली दिसते, म्हणून प्रोफे तिला जाडी म्हणू लागले, आणि ते नाव असं काही चिकटलं की परदेशी पाहुणेसुद्धा सभेत गंभीर चेहऱ्याने "जाडीच्या जरा उत्तरेला" असं बोलायचे.

प्रोफे म्हणजे प्रोफेसर एवारिस्तो, दोन्या क्रिसांताचा, म्हणजे आमच्या क्रिसांताबाईचा, नवरा आणि माझे गुरू. आमच्याकडे पदवी घेताना पोरीला एक धर्मपिता लागतो, तिचा हात धरून सभागृहात न्यायला. माझा बाप तेव्हा सीमेपलीकडे सफरचंदं तोडत होता, म्हणून तो मान प्रोफेंनी घेतला. कोटाचं बटण तुटलेलं होतं, पण ताठ चालले माझ्या शेजारून. तेव्हापासून मी त्यांची पोर, आणि रविवारच्या जेवणाला त्यांच्या टेबलाशी माझी खुर्ची ठरलेली. माझं नाव ऑर्तेन्सिया, पण एवढं लांब म्हणायला वेळ कोणाला आहे; सगळे तेंचाच म्हणतात. केस पांढरे झाले, हाताखाली वीस माणसं आली, तरी तेंचाच.

आता जाडीत एवढं काय आहे ते थोडक्यात सांगते. प्रोफे सांगायला बसले की ताटातला मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, गार व्हायचा. आकाशातून सतत अतिसूक्ष्म कण आपल्या डोक्यावर आदळत असतात. त्यांना वैश्विक किरण म्हणतात. त्यातले बरेचसे आपल्याच आकाशगंगेत कुठेतरी जन्मतात, पण नेमके कुठे ते त्यांना विचारून उपयोग नाही. त्यांच्यावर विद्युतभार असतो, त्यामुळे आकाशगंगेतली चुंबकक्षेत्रं त्यांना लाखो वर्षं इकडून तिकडे भरकटवतात. जत्रेत हरवलेल्या पोराला घर कुठल्या दिशेला ते सांगता येत नाही, तशी त्यांची गत. सुदैवाने जिथे ते जन्मतात तिथे गॅमा किरणही निघतात, आणि ते सरळ चालतात. त्यांची दिशा धरून मागे गेलं की घर सापडतं. आकाशगंगेतल्या सगळ्यात दांडग्या कणांचं घर कोणालाच सापडत नव्हतं. ते जाडीकडे आहे, असं गणित प्रोफेंनी तरुणपणी मांडलं. लोक हसले.

हसणाऱ्यांना उत्तर म्हणून त्यांनी डोंगरावर टाक्या उभ्या केल्या. एकेक टाकी दुमजली घराएवढी, आत काळाकुट्ट अंधार आणि स्वच्छ पाणी. वरून कणांची सर कोसळली की पाण्यात निळसर चमक उठते आणि तळाशी बसवलेले डोळे ती टिपतात. डोंगर गावकीचा, म्हणून प्रोफे गावकीच्या सभांना जाऊन बसायचे, पुल्के या गावठी दारूचे पेले रिचवायचे आणि म्हाताऱ्यांच्या गुडघेदुखीच्या कथा ऐकायचे. पाण्याचे टँकर वळणावळणाने धापा टाकत वर चढायचे. मे महिन्याच्या तीन तारखेला गवंडी आपल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक अर्धवट टाकीवर फुलांनी सजवलेला क्रूस उभारायचे, आणि देवाशी फारसं बोलणं नसलेले प्रोफे टोपी काढून त्यांच्यात उभे राहायचे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. जिथे काही सापडेल अशी आशा असते, ती जागा आधी झाकून ठेवायची. नकाशावर तिथे काळा चौकोन मारायचा. मोजायची पद्धत ठरवायची, चुका काढायच्या, भांडायचं, सगळं त्या चौकोनाखाली न डोकावता. सगळ्यांचे हात वर झाले की मग एकदाच झाकण काढायचं. याला आम्ही पेटी उघडणं म्हणतो. कारण मनी वसे ते स्वप्नी दिसे. माणसाला जे हवं असतं ते त्याला आकड्यांत दिसायला लागतं, आणि शिकलेल्याला तर जरा लवकरच दिसतं. ही रीत आमच्याकडे प्रोफेंनीच घातली, आणि सगळ्यात मोठा काळा चौकोन आपल्या जाडीवर टाकला.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी एका सभेत त्यांनी एकच विनोद दोनदा सांगितला, आणि आम्ही आदराने दोनदा हसलो. पुढे एकदा ब्रेड आणायला गेले ते चर्चच्या पायरीवर बसून राहिले, कारण घर कुठल्या बाजूला ते आठवेना. डॉक्टरांनी सांगितलेलं नाव दोन्या क्रिसांता तोंडातून काढत नाही. म्हाताऱ्याला धुकं आलंय, एवढंच म्हणते. जुनं सगळं शाबूत होतं. गणित तर कालच शिकल्यासारखं लख्ख. फक्त नवीन काही टिकत नव्हतं.

पेटी उघडायला अजून वेळ होता. एका रविवारी भांडी विसळताना दोन्या क्रिसांताने मला कोपऱ्यात गाठलं.

"तेंचा, ती पेटी तुझ्या ताब्यात आहे ना?"

"सगळ्यांच्या ताब्यात आहे."

"एक कोपरा उचलून बघ की. मी घेवडा शिजला का बघायला दहादा झाकण काढते, घेवडा काही रुसत नाही."

"तुमच्या नवऱ्याला कळलं तर मला दारात उभं करणार नाहीत."

"कळलं तरी विसरेल तो," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याने तिला रडू कोसळलं. मी तिला जवळ घेतलं. तिच्या हाताचा साबण माझ्या पाठीला लागला. पण पेटी मी उघडली नाही.

मार्चमध्ये सगळ्यांचे हात वर झाले. झाकण काढलं. जाडीच्या जागी काहीही नव्हतं. आजूबाजूचं आकाश जेवढं उजळ, तेवढंच तिथलं. पुन्हा तपासलं, तरी तेच. शेवटी मीच म्हणाले, "बरं, ठरल्याप्रमाणे लिहून काढा," आणि गाडी घेऊन डोंगर उतरले. वाटेत दोनदा थांबले, कारण डोळ्यांतल्या पाण्याने वळणं दिसेनात.

प्रोफेंनी ऐकून घेतलं. "म्हणजे नाही," ते म्हणाले. "नीट मोजलंत ना? मग ठीक आहे. नाही तर नाही." मग ते अंगणात गेले आणि बोगनवेलीकडे तोंड करून उभे राहिले. पाठमोऱ्या माणसाचं वय लगेच दिसतं. दोन्या क्रिसांता त्यांच्या खांद्यावर शाल टाकून आली आणि त्या दिवशी जाडीला एकही शिवी दिली नाही.

पुढच्या रविवारी मी आत पाऊल टाकते न टाकते तोच त्यांनी विचारलं, "काय गं तेंचा, पेटी उघडली का?"

मी खरं सांगितलं. त्यांचा चेहरा पुन्हा तसाच उतरला, पुन्हा ते अंगणात गेले. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. दुःख जुनं होतं तेव्हा माणसाला ते पेलतं, पण त्यांचं जुनं व्हायलाच तयार नव्हतं. दर खेपेला पहिल्यांदाच. आणि ते घेऊन येणारी मी, हातात गोड पावांची पिशवी घेऊन.

एकदा मी पळवाट काढली. म्हटलं, "अजून नाही उघडली, प्रोफे." तर त्यांनी हातातला पाव खाली टाकला. "अजून नाही? का? कोण अडवतंय? पोरी, माझ्याकडे वेळ नाही. मी विसरत चाललोय, मला कळतंय ते. घाई करा जरा, माझ्यासाठी घाई करा!" ज्यांनी आयुष्यात कधी कोणाला घाई केली नाही, ते माझं मनगट धरून विनवत होते. त्यापेक्षा 'नाही' परवडलं.

जायला निघाले तर दोन्या क्रिसांता दारात आडवी उभी.

"तू माझ्या म्हाताऱ्याला दर रविवारी मारतेस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "मी आठवडाभर त्याला माणसात आणते आणि तू येऊन खाली पाडतेस. यायचं तर 'सापडली' म्हणून ये. नाहीतर येऊ नकोस."

"त्यांच्याशी खोटं बोलू? आकड्यांबद्दल?"

"माझ्याशी बोललेलीस ना? परवाच्या मोलेत मीठ जास्त झालं होतं तर म्हणालीस छान झालाय."

"ते वेगळं."

"काय वेगळं? तोही माझा जन्मभराचा धंदा आहे." तिने पदराला, म्हणजे आपल्या एप्रनला, नाक पुसलं. "त्याच्यासाठी नाही, तर माझ्यासाठी कर. मला तो एकदा खूश झालेला बघायचाय. मग विसरला तरी चालेल, मी ठेवीन लक्षात."

आठवडाभर मला झोप धड लागली नाही. आमच्या कामात चूक माफ असते, खोटा आकडा नाही. हे मला शिकवलं त्यांनी, आणि त्यांच्याच तोंडावर जाऊन मी तो सांगायचा! पण त्यांची ती विनवणी कानातून जात नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांना हसताना बघायचं होतं. मोह दोन्या क्रिसांताचा नव्हता, माझाच होता.

तो रविवार लख्ख उन्हाचा होता. खिडकीतून डोंगर दिसत होता, बर्फाची टोपी घालून. प्रोफेंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय गं तेंचा, पेटी उघडली का?"

"उघडली," मी म्हटलं. "सापडली, प्रोफे. जाडी आहे तिथे."

ते उठून उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "म्हातारे!" त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली. "म्हातारे, ये इकडे! जाडी आहे!" दोन्या क्रिसांता हात पुसत आली. त्यांनी तिला कमरेत धरून टेबलाभोवती एक गिरकी घेतली. "सोड मेल्या, कंबर मोडेल! सवतीसाठी नाचवतोस होय मला?" असं म्हणत ती हसत होती, आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून डोळ्यांनी आशीर्वाद देत होती. तिने मठातल्या बायका बनवतात ती अंड्याची गोड दारू काढली. आम्ही तिघांनी पेले टेकवले. मला वाटलं, झालं. एवढ्यासाठी नरकात जावं लागलं तरी जाईन.

प्रोफेंनी पेला खाली ठेवला.

"किती सिग्मा?" त्यांनी विचारलं.

सिग्मा म्हणजे आमच्या भरवशाचं माप. पाचाच्या वर गेलं की आम्ही छाती ठोकून बोलतो. "सहा," मी म्हटलं. खोटं बोलायचंच तर कंजुषी कशाला!

"छान. आणि किती ठिकाणी पाहिलंत?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती तिकिटं काढलीस, मग एकाला बक्षीस लागलं? हजार तिकिटं काढलेल्याने लॉटरी लागली म्हणून नाचू नये." त्यांनी पाव गुंडाळलेला कागद टेबलावर सपाट केला. "म्हातारे, पेन्सिल दे. हं, बोल. ऊर्जा कुठपर्यंत गेली?"

मी एक आकडा सांगितला. त्यांनी लिहिला. मग दुसरा विचारला. मी पहिल्याला शोभेल असा दुसरा रचला. कपाळावर घाम आला. मोले आला, गार झाला. त्यांचे गाल लाल झाले होते, कागदावर हात पळत होता. मध्येच मला दटावलं, "अगं, असं कसं, दोनाचा वर्ग विसरलीस? तुला पदवी दिली कोणी?" ही थट्टा मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. दोन्या क्रिसांता दाराला टेकून उभी होती आणि नवऱ्याकडे अशी बघत होती, जणू तो लांबच्या प्रवासाहून आत्ताच घरात शिरलाय.

"आता ढगाचं सांग," ते म्हणाले.

"कुठला ढग?"

"जाडीच्या कमरेला लागून वायूचा दाट ढग आहे ना. ती जर कण फेकत असेल, तर ते आधी त्या ढगावरच आदळणार. तो तर तिच्याहून उजळ दिसायला हवा. दिसला का?"

इथे मी फसले. ढगाचं मी काही रचलं नव्हतं, आणि गुरूने विचारलं की तोंडातून खरंच निघायची जन्माची सवय. "नाही," मी म्हणून गेले. "ढग अंधारच आहे."

पेन्सिल थांबली. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग माझ्याकडे. मला वाटलं, कळलं. आता विचारतील, माझ्याशी खोटं का बोललीस. मी मान खाली घातली.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "जाडी नाहीये तिथे."

दोन्या क्रिसांताने तोंडावर हात धरला.

"ढग अंधारात आणि ती एकटी उजेडात, असं होत नाही. तुमच्या मोजण्यात कुठेतरी घोळ झालाय. झाकण काढायची घाई केलीत का? माझ्यासाठी केलीत?" त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "माझ्यामुळे झालं हे. म्हातारा विसरत चाललाय, त्याला काहीतरी दाखवू या, असं वाटलं असेल तुला. मग दिसणारच. तू मन लावून शोधलीस, म्हणून दिसली."

मी रडायला लागले. चारचौघांसमोर न रडणारी बाई मी, पण हुंदके आवरेनात.

"हे छापू नकोस हं," ते म्हणत होते. "लोक तुला नावं ठेवतील, आणि ते मला नाही चालणार. कोणी विचारलं तर सांग, एवारिस्तोनेच सांगितलं, की जाडी नाही म्हणून. माझं नाव घे. चाळीस वर्षं चुकलेला माणूस मी, मला आणखी काय होणार?"

आणि ते अंगणात गेले नाहीत. चेहराही उतरला नाही. उलट गार मोलेवर ताव मारला, दोन तोर्तिया जास्त मागितल्या, आणि खाता खाता म्हणाले, "मग येतात तरी कुठून हे कण? काय मजा आहे बघ, अजून कोणालाच माहीत नाही!"

मला वाटलं होतं दोन्या क्रिसांता रागावेल. ती माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. कडी काढून दिली. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी आठ सिग्मा सांग. म्हणजे त्याला जास्त वेळ लागेल."

तेव्हापासून मी दर रविवारी जाडी सापडली म्हणून सांगत जाते. गिरकी होते, पेले टेकवले जातात, मग ते पेन्सिल मागतात. मी आदल्या दिवशी बसून नवं खोटं रचते, चांगलं घट्ट, कारण कच्चं त्यांना दोन मिनिटांत दिसतं आणि मग त्यांची मजा जाते. एकदा तर मी ढगही उजळवला. त्या दिवशी त्यांना कॉफीपर्यंत वेळ लागला, पण शोधून काढलंच कुठेतरी. अजून एकदाही मी त्यांना फसवू शकलेले नाही.

आणि दर रविवारी, कागद भरला की, ते पेन्सिल खाली ठेवतात, खुर्ची माझ्याजवळ ओढतात आणि एखाद्या लहान मुलीला वाईट बातमी सांगावी तसे हळूच सांगतात, की पोरी, जाडी नाहीये तिथे. मला दर वेळी खरंच रडू येतं. ते माझा हात हातात घेतात, थोपटतात. "असू दे गं," म्हणतात. "आज पहिल्यांदाच आहे ना, म्हणून लागतंय इतकं."